चांदी घेण्याआधी, विकायचं कसं ते ठरव

कोइमतूर,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉट्सॲपवरचा लांबलचक निरोप ऐकला. डाळिंबाचे पैसे आलेत, सोसायटीचं कर्ज फिटलंय, उरलेल्या दोनेक लाखांचे चांदीचे बार घ्यायचेत, आणि "तू गलाईवाला, तुझ्याकडं स्वस्तात मिळेल" असं तुझं म्हणणं. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच "बरं बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहितोय. आटपाडी-खानापूरची निम्मी पोरं गलाईवाली, मुलूखभर सोनं-चांदी आटवत बसली आहेत, पण गावाकडच्यांना आम्ही चांदी पिकवतो असंच वाटतं.

स्वस्त चांदी नावाची वस्तू बाजारात नसते, हे आधी डोक्यात घे. सांगलीचा सराफ कट्टा, कोल्हापूरची गुजरी, मुंबईचा झवेरी बाजार किंवा आमचं दुकान, भावाचं मूळ एकच: लंडनचा दर, डॉलरचा दर आणि आयात शुल्क. हे शुल्क 2024 च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणलं, तेव्हा देशभर भाव एकदम उतरला होता. म्हणून कुणी भावाच्या खाली द्यायला लागला, तर तो वजनात, टंचात (म्हणजे शुद्धतेत) किंवा पावतीत काढून घेणार, हे धरून चाल. पावतीशिवाय घे, जीएसटीचे तीन टक्के वाचतील, असं सांगणारे भेटतीलच. ते तीन टक्के वाचवायला गेलास तर उद्या विकताना ही चांदी कुठून आली याला तुझ्याकडं उत्तर राहणार नाही, आणि आयकराच्या हिशेबात खरेदीची किंमतही दाखवता येणार नाही.

खरी स्वस्ताई वेगळ्या ठिकाणी आहे. घेतानाचा भाव आणि विकतानाचा भाव यात जे अंतर पडतं, ते जितकं कमी तितकी तुझी चांदी स्वस्त. आता समज, भाव ग्रॅमला 150 रुपये आहे. शंभर ग्रॅमचा बार 15,000 चा झाला. त्यावर 450 रुपये जीएसटी, शिवाय शिक्का आणि पॅकिंगचे काही रुपये. विकायला जाशील तेव्हा जीएसटी परत मिळत नाही, पॅकिंगचे पैसे कुणी देत नाही, आणि घेणारा आपला नफा ठेवून भाव सांगतो. म्हणजे दुकानातून बाहेर पडतानाच तू चार-पाच टक्क्यांनी खाली असतोस. माल जितका लहान तितकी ग्रॅममागं घडणावळ जास्त. दहा ग्रॅमचं लक्ष्मी-गणपतीचं नाणं ओवाळणीला छान, गुंतवणुकीला नाही. दागिना आणि भांडी तर अजिबात नकोत. माझ्याकडं रोज पैंजण येतात ना आटणीला. आटवून शुद्ध केल्यावर डाग (सांधे जोडायचं मिश्रण), मळ, तांबं निघून जातं आणि किती शुद्ध चांदी राहिली ते बघून बायामाणसांचा चेहरा उतरतो. चांदीच्या दागिन्यांचं गाव हुपरी, तिथली कारागिरी अव्वल आहे यात वाद नाही, पण कारागिरीचे पैसे भट्टीत जळतात.

तेव्हा साधा, चित्रबित्र नसलेला, 999 चा म्हणजे 99.9 टक्के शुद्ध बार. आकार कोणता? एक किलोची वीट ग्रॅममागं सगळ्यात परवडते, पण पोरीच्या फीला पन्नास हजार लागले तर वीट करवतीनं कापून विकणार का? तुझ्या बेतात मी अर्ध्या किलोचा एक आणि उरलेले शंभर-शंभरचे घेईन. बारवर गाळणाऱ्या कंपनीचं नाव, वजन, 999 हा आकडा आणि क्रमांक एवढं तरी ठसवलेलं पाहिजे. चांदीच्या दागिन्या-भांड्यांना 1 सप्टेंबर 2025 पासून एचयूआयडीचं (प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देणारं) हॉलमार्किंग सुरू झालंय, पण ते ऐच्छिक आहे. बारच्या बाबतीत तू नाव आणि पावती यांवरच चालणार. त्या पावतीवर वजन, टंच आणि बारचा क्रमांक लिहून घे. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला सरळ विचार: "हाच बार उद्या आणला तर काय भावानं घ्याल?" जो इथं आढेवेढे घेईल, त्याच्या पायऱ्या उतरायच्या. परत घेणारा माणूस हाताशी नसेल तर ती चांदी कितीही शुद्ध असो, तिला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागेल.

आता खऱ्या-खोट्याचं. हे माझं रोजचंच काम, म्हणून जरा लांबण लागेल. टंच काढायचं मशीन आता तालुक्याच्या गावीही आलंय, पण ते वरवरचा पापुद्राच वाचतं. वरून जाड थर चांदीचा आणि पोटात दुसरं काही असलं, तर मशीन आनंदानं 99.9 दाखवतं. आम्ही शंका आली की कोपऱ्याला भोक पाडून आतला चुरा काढतो आणि तो तपासतो. तुला घरी करता येईल अशी एक चाचणी सांगतो, बिनपॅकिंगच्या बारला. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा काटा घे. त्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आण. मग बार दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-काठाला टेकणार नाही असा लोंबकळत धर. शंभर ग्रॅमचा बार असेल तर काट्यावर साधारण साडेनऊ ग्रॅम दिसले पाहिजेत, कारण चांदीची घनता 10.49 आहे. अकराच्या वर गेलं तर तांब्या-पितळेची शंका घे. पावणेनऊच्या आसपास आलं तर आत शिसं आहे. 92.5 ची चांदी आणि 99.9 ची चांदी यांतला फरक मात्र यात नीट कळत नाही, त्याला टंचच काढावं लागतं. लोहचुंबक लावून बघतात लोक. चांदी चिकटत नाही हे खरं, पण शिसं आणि तांबंही चिकटत नाही, त्यामुळं त्यावर विसंबू नको. सीलबंद बार असेल तर या फंदात पडून पॅकिंग फोडू नको, विकताना त्या सीलवरच भरवसा ठेवतात.

काळी पडली म्हणून घाबरू नको. हवेतल्या गंधकानं वर पुट चढतं, वजनाला आणि टंचाला काही होत नाही. वहिनींना फक्त सांग, दिवाळीच्या भांड्यांबरोबर पावडर लावून घासायला घेऊ नका. प्रत्येक घासणीला थोडी चांदी मोरीत जाते.

ठेवण्याचा प्रश्न सोन्याइतका सोपा नाही. 2025 च्या नोव्हेंबरातल्या भावानं किलोभर चांदीच्या पैशात सव्वा तोळ्याच्या आसपास सोनं येतं. तुझी चांदी एखाद्या मोबाइलएवढी जागा घेईल, म्हणून आज अडचण नाही. पण दरवर्षी घेत गेलास तर बँकेचा लहान लॉकर भरायला वेळ लागत नाही, आणि त्याचं भाडं हिशेबात धरावं लागतं.

तू म्हणालास, अडीनडीला तारण ठेवता येईल. इथं थांब. सोन्या-चांदीच्या तारणावर कर्ज देण्याचे नवे नियम रिझर्व्ह बँकेनं 2025 च्या जूनमध्ये काढलेत आणि ते लागू करायची शेवटची मुदत 1 एप्रिल 2026. त्यात चांदीचे दागिने दहा किलोपर्यंत आणि नाणी 500 ग्रॅमपर्यंत तारण म्हणून चालतील, पण बार आणि वीट चालणार नाही. म्हणजे बार घेतलास तर गरजेला तो विकायचाच. कर्जाचा आसरा हवा म्हणून पैंजण घेशील तर घडणावळीत जाशील. मला विचारशील तर अडीनडीचे पैसे मोडायची नाही म्हणतोस त्या एफडीतच राहू देत.

ईटीएफचं, म्हणजे शेअरसारखं विकत घ्यायच्या चांदीच्या फंडाचं, तुझ्या भाच्यानं सांगितलेलं चूक नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2021 च्या शेवटी परवानगी दिली आणि 2022 पासून चांदीचे ईटीएफ सुरू झाले. जीएसटी तुला द्यावा लागत नाही, लॉकर नको, टंच नको. वर्षानंतर विकलंस तर नफ्यावर 12.5 टक्के कर. हातातल्या चांदीला त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं, त्याआधी विकली तर नफा तुझ्या नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो. पण शेअर ठेवायचं डीमॅट खातं लागतं, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये माल मिळेना तेव्हा हे ईटीएफ प्रत्यक्ष चांदीच्या भावापेक्षा चढ्या दरानं विकले जात होते; काही फंडांनी तर त्यांच्या चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं काही दिवस थांबवलं. ॲपवर दहा-वीस रुपयांची "डिजिटल" चांदी विकतात, तिच्या वाटेला जाऊ नको. त्याच जातीच्या डिजिटल सोन्याबद्दल सेबीनं 2025 च्या नोव्हेंबरमध्ये इशारा दिला आहे की ते आपल्या देखरेखीखाली येत नाही.

आता भावाचं, ज्यामुळं तुझी एवढी घाई चालली आहे. 2025 च्या धनत्रयोदशीच्या आसपास वायदे बाजारात चांदी किलोला एक लाख सत्तर हजारांवर गेली, आणि महिना संपेपर्यंत दीड लाखाच्या आसपास आली. वीस-पंचवीस हजारांचा फरक, दोन आठवड्यांत! चढत्या भावात माझ्या दुकानात आटणीला रांग लागली होती; शहाणी माणसं तेव्हा विकत होती आणि घाईतली माणसं शेजारच्या सराफाकडं घेत होती. जुनं आठवून बघ. 2011 च्या एप्रिलमध्ये चांदी पंचाहत्तर हजारांपर्यंत गेली होती. तेव्हाही सगळे म्हणत होते लाख होणार. 2015 च्या शेवटी ती तेहतीस-चौतीस हजारांवर होती, आणि तो पंचाहत्तरचा आकडा परत दिसायला 2020 चा ऑगस्ट उजाडला. त्याच्याही आधी 1980 मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंनी माल कोंडून भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात नेला आणि दोन-सव्वादोन महिन्यांत तो अकराच्या खाली कोसळला.

मागणी आहे, हे मी नाकारत नाही. निम्म्याहून जास्त चांदी कारखान्यांत जाते. सौरऊर्जेच्या पॅनलमध्ये, विजेच्या गाड्यांत, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. आणि बहुतेक चांदी शिसं, जस्त, तांबं काढताना जोडीला निघते, आपल्या राजस्थानातही तसंच, त्यामुळं भाव वाढला म्हणून खाणवाला लगेच जास्त काढू शकत नाही. पण कारखान्याची मागणी म्हणजे मंदी आली की तीही बसते. सोन्यासारखा रिझर्व्ह बँकांचा आधार चांदीला नाही.

तेव्हा दोन लाख एका दिवशी घालू नको. चार हप्त्यांत, चार वेगवेगळ्या महिन्यांत घे. भाव पडला तर शिव्या न घालता दुसरा बार घेता येईल. पैसे बँकेतून दे, रोख नको. दोन लाखांना पोचलेला रोख व्यवहार कायद्यात बसतच नाही. पोरीचं इंजिनिअरिंग दोन वर्षांवर असेल तर तिच्या फीचे पैसे यात अडकवू नको. पाच-सात वर्षं हात लावणार नाहीस तेवढेच घाल.

माझ्याकडून घेण्याचं म्हणशील, तर देईन, पण देणार नाही असंच समज. कोइमतूरहून माल आणायचा, विकताना परत इकडं पाठवायचा, त्यात वाटखर्च आणि जोखीम, आणि वर दोस्तीत हिशेब. सांगलीत एक सराफ आमच्या नात्यातले आहेत, खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव फळ्यावर लिहितात. नंबर वेगळा पाठवतो. जाशील तेव्हा त्या दिवशीचा विकतानाचा भाव आधी विचार, घेतानाचा नंतर. पावतीचा फोटो मला पाठव, मी टंच आणि क्रमांक वाचून सांगतो.

आईंना नमस्कार. पौर्णिमेला गावी येणं जमेलसं दिसत नाही, भट्टीवरचा पोरगा सुट्टीवर गेलाय.

तुझा,
शिवा