पस्तिशीनंतर आणि अठ्ठावन्नच्या आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसरीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी 26 वर्षे नोकरी केली. गेल्या वर्षी एका दुपारी आम्हा 14 जणांकडून राजीनाम्याच्या छापील कागदावर सह्या घेण्यात आल्या. कपातीला राजीनामा म्हटले की भरपाईचा प्रश्नच उरत नाही, हे सही करताना लक्षात आले नाही. त्यातच कधीकाळी पेढे वाटून साजरे केलेले ‘सुपरवायझर’ हे पद आता आडवे आले. कारण नव्या औद्योगिक संबंध संहितेतही दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ ठरत नाही, आणि कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने 15 दिवसांचे वेतन ज्यात भरायचे, तो पुनर्कौशल्य निधीही मग त्याच्यासाठी नसतो.

माझे वय 53. नोकरीसाठी फोन येतो तेव्हा अनुभवाआधी जन्मतारीख विचारली जाते. एका कन्सल्टन्सीतील मुलाने, अगदी आपुलकीने, बायोडेटातून डिप्लोमाचे साल काढून टाकायला सांगितले, तेही केले. त्यानंतर चाकणला मुलाखतीला बोलावणे आले. तिथल्या साहेबांनी मायक्रोमीटर हातात देऊन शाफ्टचे माप घ्यायला लावले. माप बरोबर आले. मग माझ्या चश्म्याकडे पाहत त्यांनी विचारले, “काका, नाइट शिफ्ट झेपेल ना?” आत जाताना मी ‘सर’ होतो.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वयोगटाला कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकताना शिक्षणानुसार दरमहा 6,000 ते 10,000 रुपये विद्यावेतन मिळते. ते मिळायलाच हवे. माझ्या घरातही 22 वर्षांचा मुलगा आहे. दुसऱ्या टोकाला भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन आहे, ते 58व्या वर्षी. पन्नाशीनंतर ते आधी घेता येते, पण जितकी वर्षे आधी, तितक्या वर्षांमागे 4 टक्के घट आणि तीही कायमची. मधल्या 23 वर्षांत नोकरी गेलेल्याने कोणाचे दार ठोठवायचे?

युवा प्रशिक्षणाच्या याच योजनेत पंचेचाळिशीपुढच्या कपातग्रस्तांसाठी काही जागा ठेवाव्यात आणि पुनर्कौशल्य निधीसाठी तरी पर्यवेक्षकाला कामगार मानावे, अशी शासनाला विनंती आहे. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर माझा हात बसलेला आहे. रोबो वेल्डिंग मला येत नाही. मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून ते शिकायची माझी तयारी आहे.

— एक वाचक, निगडी