आई-बाबा, १२ तारखेला ट्रक येतोय

आई, बाबा,

समोर बसून बोलायला गेले की बाबा "बघू" म्हणून उठतात आणि आई चहा ठेवायला जाते, म्हणून लिहून पाठवतेय. चष्मा लावून सावकाश वाचा, मध्येच फोन करू नका.

मनीष नगरच्या फ्लॅटची चावी मिळाली आणि १२ तारखेचा ट्रकही सांगून झालाय. तुम्हाला न विचारता ठरवलं ह्याचं रात्री फार वाईट वाटतं मला, पण विचारत बसले असते तर अजून दोन पावसाळे तुम्ही त्या मागच्या भिंतीखाली काढले असते. महाल भागातलं आपलं जुनं घर विकत नाही आहोत, दादाच्या वेळी दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे.

बाबांचं म्हणणं मला पाठ आहे. दीड हात जाड भिंती, इतक्या वर्षांत काही झालं नाही, आणि तू आम्हाला नवव्या मजल्यावर नेऊन राहिली. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणात मुलुगूला ५.३ चा भूकंप झाला, माझ्या भाड्याच्या घरात पंखे डोलायला लागले म्हणून मी घाबरून फोन केला, तर तुम्ही दोघं निवांत पोहे खात होते. तेव्हापासून बाबांनी ठरवूनच टाकलं की उंच बिल्डिंग आधी पडते.

बाबा, अंगणातला झोपाळा आठवा ना. तुम्ही तो मागे आला की बरोबर तेव्हाच हलका धक्का द्यायचे आणि मी पार पेरूच्या फांदीपर्यंत जायची, दादा जोर लावून कधीही ढकलायचा तर नुसताच वाकडा व्हायचा. बिल्डिंगचंही तसंच आहे, प्रत्येकीची आपली लय असते, उंच असली की संथ. मुलुगू आपल्यापासून ३०० किलोमीटरच्या वर, एवढ्या वाटेत जमिनीची बारीक जलद थरथर विरून जाते, संथ हेलकावे तेवढे पोचतात आणि ते उंच बिल्डिंगलाच लागतात. आपलं घर बुटकं, ताठ, त्याला ते कळलेच नाहीत. पण भूकंप जवळचा असला तर तीच जलद थरथर अशा घरांना आधी धरते.

आणि हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी दुसरीत होते, तुम्ही ब्लँकेटांच्या ट्रकबरोबर किल्लारीला गेले आणि आठव्या दिवशी आले, चपलेच्या शिवणीत माती अडकली होती, आईने दोनदा धुतली तरी निघाली नाही. मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं, तुम्ही आईला हळूच म्हणाले, "भिंती अडीच-अडीच फुटाच्या होत्या गं, दोन्हीकडून फुटल्या." ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, विसर्जनाहून येऊन झोपलेली माणसं. ६.२ चा भूकंप आणि जवळपास १०,००० लोक गेले, कारण बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये नुसती माती, आरपार जाणारा दगडच नाही, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. तो भागही तेव्हा भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यातच होता, जसं २००२ च्या नकाशात आपलं नागपूर झोन २ मध्ये आहे. बाबा, आपल्या मागच्या भिंतीला पोट आलंय. तुम्ही तिथे कॅलेंडर लावलंय, पण मी पाहिलंय ते.

उंच बिल्डिंग म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मी म्हणत नाहीये. २००१ ला भुजच्या वेळी २०० किलोमीटरहून लांब अहमदाबादला बिल्डिंगी पडल्याच ना, त्यातल्या कितीतरी खाली नुसत्या खांबांवर पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या. म्हणून मी आधी इंजिनिअरला ड्रॉइंग दाखवलं, खाली पार्किंगमध्ये काँक्रिटच्या भिंती आहेत, कॉलमच्या आतल्या लोखंडी रिंगांचे हूक आत वळवलेले आहेत, हे खात्री करूनच पैसे भरले. महालच्या भिंतीला जाळी मारून पट्टे बांधायचं कामही तोच करणार आहे.

आई, तुझी तुळस पूर्वेच्या बाल्कनीत, जागा मोजून ठेवलीये. वाळ्याचा कूलर पण येतोय, एसी नको असेल तर लावू नको. बाबा, जयप्रकाश नगरहून मेट्रोने बर्डी आणि तिथून ऑटो, गांधीसागरच्या मित्रमंडळीत तुम्ही पाऊण तासात. बुधवारचा बाजार मी स्वतः नेऊन आणीन.

आता ऐका. "आज रात्री अमुक वाजता भूकंप" हे मेसेज पुढे पाठवायचे नाहीत, तारीख-वेळ जगात कोणालाच सांगता येत नाही. मे २०२४ ला आपल्या जिल्ह्यात अडीचच्या आसपासचे धक्के आले तेव्हा बाबा म्हणाले ताण निघून गेला, तर तसं नसतं, ६.२ एवढी ताकद निघायला असले तीन लाखांवर धक्के लागतील. आई, दाराच्या चौकटीत उभं राहायचं नाही. फ्लॅटमध्ये हललं तर जिना नाही, लिफ्ट तर नाहीच, डायनिंग टेबलाखाली शिरायचं आणि पाय धरून ठेवायचा. गुडघे दुखतात हे माहीत आहे गं, म्हणून टेबल मुद्दाम उंच घेतलंय. आणि १२ तारखेपर्यंत तिथेच काही झालं तर तुमच्या खोलीतून दोन पावलांवर अंगण आहे, सरळ मधोमध येऊन उभे राहा, भिंतीपासून लांब.

आणि पलंगाच्या वरच्या फळीवरचा पितळी हंडा आजच, हे वाचून झाल्या-झाल्या, खाली काढून घ्या. बाबांची उशी बरोबर त्याच्याखाली असते. स्वतः स्टुलावर चढू नका, शेजारच्या पोराला बोलवा, मी त्याला फोन करून ठेवलाय.

तुमची,
मनू