बायोप्सीच्या दिवशीच हिमोग्लोबिन वाचा

महोदय,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचार किती लागू पडतील, याचा अंदाज रक्ततपासणीवरून बांधण्याबद्दल हल्ली बरेच लिहिले जाते. ते वाचताना मला मावशीची फाइल आठवते.

मावशी इंदापूर तालुक्यातली. पाळी थांबून सहा वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले. चार महिने तिने कुणाला सांगितले नाही. पुण्यात बायोप्सी झाली, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणीही. हिमोग्लोबिन ७.६, पुढे ठळक अक्षरांत ‘लो’. तो कागद पिशवीत घेऊन आम्ही तीन आठवडे फिरलो. एमआरआय, रेशनकार्डाची झेरॉक्स, पुन्हा ओपीडी. शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सांगितले गेले, ‘रक्त कमी आहे, दोन पिशव्या चढवा.’ रात्री दहा वाजता आम्ही रक्तदाते शोधत होतो. शेक आठवडाभर लांबला.

शेकाचा परिणाम व्हायला गाठीत प्राणवायू असावा लागतो. रक्त कमी असले की तो तिथे कमी पोहोचतो आणि पेशी किरणांना दाद देत नाहीत. शिवाय दर आठवड्याच्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने रक्त आणखी उतरते, आणि आतून दिला जाणारा शेक धरून सगळे उपचार आठ आठवड्यांत संपवायचे असतात. मध्ये खंड परवडत नाही. नुसते रक्त चढवून आजार हटतो असे मी म्हणत नाही, पण हे तीन आठवडे वाया जायला नको होते.

त्याच कागदावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचेही आकडे असतात. उपचारांआधी त्यांचे गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णांमध्ये आजार बळावण्याचा धोका अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र जंतुसंसर्गाने किंवा उलट्या थांबवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोननेही ते वाढते. माझ्या मावसभावाने केमोनंतरच्या रिपोर्टवरून मोबाइलवर भागाकार केला, उत्तर सहाच्या वर आले आणि पोरगा रात्रभर जागा राहिला. त्याला हे समजावून सांगायला कुणी नव्हते.

बायोप्सीचा रिपोर्ट हातात देताना त्याच टेबलावर डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही वाचावे. रक्त कधी चढवायचे, किती पिशव्या लागतील आणि पुढची सीबीसी कोणत्या तारखेला, हे केसपेपरवर मराठीत लिहून द्यावे. गावाकडून आलेल्या माणसांना निदान आठवडाभर आधी रक्तदाते जमवता येतील.

– एक वाचक, हडपसर, पुणे