शिंपीणकाकू, दोन बोटं माया जास्त

ती. स्व. शिंपीणकाकूंना,
सा. न.

मायन्यात तुमचं नाव घालावं म्हणून आमच्याकडे जितकी म्हातारी माणसं उरलीत, त्या सगळ्यांना विचारलं. कुणालाच आठवेना. माझी आजी शेवटपर्यंत तुम्हाला 'शिंपीणकाकू'च म्हणत आली. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे. ज्यांच्या पणजीकडे साताऱ्याच्या सदरबझारात सिंगरचं हातमशीन होतं आणि जिला अक्षर वाचता येत नव्हतं पण शंभर पोरांची मापं तोंडपाठ होती, त्यांनी ते आपलंच समजून वाचावं.

आमच्या साताऱ्याला परदेशी माणसं कोंडून ठेवायची सवय जुनीच. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत इंग्रजांनी पकडलेले बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे शेतकरी, इथे आणून ठेवले होते. मग दुसरं महायुद्ध आलं. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि हिंदुस्थानभरच्या जर्मन माणसांना सरकारनं उचललं. त्यांत मिशनरी होते, डॉक्टर होते, कंपन्यांमधले इंजिनिअर होते. हिटलरच्या छळाला भिऊन इकडे पळून आलेले ज्यूसुद्धा होते, कारण पासपोर्ट जर्मन म्हणजे माणूस शत्रूचा, एवढं सोपं गणित! पुढे बऱ्याच पुरुषांची रवानगी डेहराडूनच्या कॅम्पात झाली आणि पुरंदर व सातारा इथे बायकापोरांचे, कुटुंबांचे कॅम्प उभे राहिले. साताऱ्यात आज दहा जणांना विचारा, नऊ जणांना यातलं काही माहीत नसतं. मलाही आजीमुळे कळलं.

आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे चुलते कॅम्पात दूध घालायचे. एक दिवस ते परत आले ते खिशात सुतळीचा तुकडा घेऊन. तुकड्याला तीन गाठी. आतल्या एका बाईनं खुणेनं सांगितलेलं : पहिल्या गाठीपर्यंत छाती, दुसरीपर्यंत बाही, तिसरीपर्यंत उंची. घरात कुणाला अर्थ लागेना. तुम्ही ती सुतळी हातात घेतलीत, बोटांवरून ओढलीत आणि म्हणालात, "पोरगी आहे, सहा वर्षांची, हडकुळी." त्यानंतर सुतळ्या येतच राहिल्या. तुमच्या मशीनशेजारच्या खुंटीवर त्या टांगलेल्या असायच्या, आणि कुठली कुणाची हे तुम्हाला न विचारता कळायचं, असं आजी सांगायची. (मी आयुष्यभर शाळेत हजेरीपटावर नावं लिहून ठेवली आणि तरी मुलांची गल्लत केली.)

कापड कुठून यायचं? १९४३ नंतर कापडावर कंट्रोल आलं, धड धोतरजोडी मिळायची मारामार. तुम्ही गिऱ्हाइकांकडून उरलेलं कातरण मागून घ्यायचात. कुणी सदऱ्याचं कापड आणलं की "वीतभर उरेल, ठेवू का?" हे विचारायचात, न विचारता कधी घेतलं नाहीत. दोन रंगांचे तुकडे जोडले तर जोड पाठीवर यायला हवी, छातीवर नको, कारण पोराला आरशात जोड दिसू नये. हे मला आजीनं इतक्या वेळा सांगितलंय, की तुमच्यापेक्षा आता तेच वाक्य मला जास्त ओळखीचं झालंय. आणि प्रत्येक कपड्याला शिवणीत दोन बोटं माया जास्त सोडायचात. आजीनं विचारलं, एवढी कशाला? तुम्ही म्हणालात, "सुटायची तारीख कुणाला ठाऊक आहे? पोर तिथंच वाढणार. उसवून मोठं करता आलं पाहिजे."

काकू, आता आमच्या घरची गोष्ट. खरं तर आभार त्याचेच मानायचेत. 'चले जाव'च्या चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला, ९ जण हुतात्मा झाले. माझे पणजोबा त्या मोर्च्यात होते. जिवंत परतले, पण महिन्याभरात पोलीस घेऊन गेले आणि मग येरवडा. घरात पणजी, तिच्या तीन मुली आणि पाळण्यातला मुलगा. आमच्याकडे येणं-जाणं लोकांनी हळूहळू थांबवलं. त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. पोलिसांची नजर असलेल्या घरी कोण पाय ठेवणार! तुम्ही मात्र दिवाळीच्या आधी आलात. पणजीला काही विचारलं नाहीत. दोरा काढलात, तिन्ही पोरींना उभं केलंत आणि मापं घेतलीत.

मग टोमणा आला. कोण म्हणालं ते आजीनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. "यांचा बाप इंग्रजाच्या तुरुंगात, आणि ही बाई गोऱ्यांच्या पोरांना झबली शिवतेय." गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूनंही बोल लावणारे होते. त्यांचं म्हणणं, सरकारच्या शत्रूंना कपडे पुरवाल तर अडचणीत याल. तुम्ही दोघांनाही उत्तर दिलं नाहीत. पण आजी नऊ वर्षांची होती, तिला राग आला. आपल्यासाठीची परकर-पोलकी आणि त्या निळ्या डोळ्यांच्या पोरींची झबली एकाच खुंटीखाली घडी घालून ठेवलेली तिला बघवेनात. तिनं एक झबलं ओढून जमिनीवर टाकलं. तुम्ही ते उचललंत, झटकलंत आणि तिच्या हातात सुई दिलीत. "याला काज कर." तिचं आयुष्यातलं पहिलं काज ते. वेडंवाकडं झालं आणि तसंच कॅम्पात गेलं. त्या पोरीनं ते वापरलं असेल का, हा प्रश्न आजीला ऐंशीव्या वर्षीही पडायचा.

सगळंच काही गोड नव्हतं. आत एक बाई बाळंत झाली म्हणून पणजीनं, हो, खुद्द पणजीनं, घरातलं होतं नव्हतं ते तूप संपवून डिंकाचे लाडू पाठवले. गेटवर गाठोडं सोडून बघायचे तसे लाडूही फोडून बघितले म्हणे. डबा परत आला तो घासून लख्ख आणि रिकामा. पणजी चिडली. डबा रिकामा परत करतात होय? तुम्ही म्हणालात, "अगं, त्यांना आपली रीत कुठून माहीत." लाडू त्या बाईनं खाल्ले की शेजारणींना वाटले, कुणास ठाऊक.

१९४६ च्या अखेरीस बऱ्याचशा जर्मन कुटुंबांना मुंबईहून बोटीनं मायदेशी धाडलं. तुमच्या खुंटीवरच्या सुतळ्यांचं काय केलंत, ते आजीला आठवत नव्हतं.

मला तुमची खरी आठवण झाली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सांगलीला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही साताऱ्याहून सामान घेऊन गेलो आणि एका मंगल कार्यालयात कपडे निवडायला बसलो. काकू, काय सांगू! ढीगच्या ढीग आले होते. जरीच्या फाटक्या साड्या, एका पायाचे मोजे, बटणं नसलेले सूट, लग्नातली शेरवानी. आणि बायका हळूच येऊन विचारत होत्या, परकर आहे का, आतले कपडे आहेत का, लहान बाळाला दुपटं आहे का. ते नव्हतं. लोकांनी देऊ केलं होतं, पण माप कुणी घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वहीत घरागणिक लिहून घेतलं आणि साताऱ्याला फोन केला. त्या रात्री जे सामान आलं ते सकाळी अकरापर्यंत संपलं.

त्यानंतर मी या विषयावर वाचत सुटले. अमेरिकेत १९४२ मध्ये जपानी वंशाच्या जवळजवळ १,२०,००० माणसांना कॅम्पांत डांबलं, त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. सॅन दिएगोच्या क्लारा ब्रीड नावाच्या ग्रंथपाल बाईंनी त्यांच्याकडे वाचायला येणाऱ्या जपानी मुलांना निघताना पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डं दिली. पुढे पोस्टनच्या वाळवंटातल्या कॅम्पात त्या मुलांना पुस्तकं, साबण, दोरा पाठवत राहिल्या. मुलांची अडीचशेवर पत्रं त्यांनी जपली, ती आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहेत. १९४९ च्या चौथ्या जीनिव्हा करारात तर कलमच आहे, १०८ वं : कोंडलेल्या नागरिकांना अन्न, कपडे, औषधं, पुस्तकं यांची पार्सलं मिळाली पाहिजेत. ते वाचलं तेव्हा तुमचं गाठोडं डोळ्यांपुढे आलं.

ब्रीडबाईंच्या पत्रांचा मात्र मला तुमच्या वतीनं हेवा वाटला. तुम्हाला एकही पत्र आलं नाही. आलं असतं तरी जर्मनमध्ये असतं आणि तुमच्यापुढे मराठी वाचायचीही पंचाईत. आमच्या घरातूनही कुणी लिहिलं नाही. पणजोबा सुटून आले, पणजी संसाराला लागली, आणि तुम्ही रोज समोर दिसत होतात. समोरच्या माणसाला कोण पत्र लिहितं?

तर हिशेब असा. १९४२ ची दिवाळी : तीन परकर, तीन पोलकी, एक झबलं. शिलाई घेतली नाहीत. आजीचं पोलकं पुढे दोनदा उसवून मोठं केलं, ते तिनं चार वर्षं घातलं.

तुमची,
काज करणाऱ्या पोरीची नात

सातारा