पाण्याला वाट करून देणारा पूल

नीम, फ्रान्स
20 ऑगस्ट 2024

प्रिय ओंकार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उसाला पाणी देताना आता तू एकटाच दारं धरतोस, हे वाचून फार आठवण आली. एक जण वरच्या बांधावर, एक खाली, आणि आबा मेरेवर बसून ओरडायचे, "अरे, नुसता उतार द्या, पाणी आपलं आपण येतंय!" रविवारी मला त्यांचा आवाज दिवसभर ऐकू येत होता. म्हणून हे पत्र.

बाबा आम्हाला पाँ द्यू गार बघायला घेऊन गेले होते. गार्दों नदीवरचा हा दगडी पूल रोमन लोकांनी सुमारे 2000 वर्षांपूर्वी बांधला, आणि तो माणसांसाठी नव्हताच! तो होता पाण्यासाठी. नदीच्या वरून, 49 मीटर उंचीवरून दुसरंच पाणी जायचं. 49 मीटर म्हणजे सोळा मजल्यांची इमारत समज. एकावर एक तीन मजले कमानी. खाली 6 मोठ्या, मधे 11, आणि सगळ्यात वर 35 बारक्या. वरच्या पूर्वी 47 होत्या. पिवळसर दगड, खाली हिरवं पाणी आणि त्यात डुंबणारी पोरं. मी पण उतरलो, पण पोहताना लक्ष सगळं वरच.

त्याचं असं झालं, की नीम शहरात कारंजी आणि स्नानगृहं चालवायला वाहतं पाणी हवं होतं. चांगले झरे होते युझेस गावाजवळ, सरळ रेषेत जेमतेम 20 किलोमीटरवर. पण मधे डोंगर. मग डोंगराला वळसा घालत घालत 50 किलोमीटरचा पाट काढला. बराचसा जमिनीखालून, दगडात बांधलेला. आणि या 50 किलोमीटरमध्ये एकूण उतार किती? साधारण साडेबारा मीटर! सरासरी काढ, शंभर मीटरला अडीच सेंटीमीटर. आपल्या बोटाचं एक पेर. पूल ओलांडताना तर पाणी सगळं मिळून अडीच सेंटीमीटरच खाली यायचं. उतार जास्त झाला तर पाट खणत जातो, कमी झाला तर गाळ बसतो, हे तुला सांगायला नको. त्यांनी आणखी एक केलं. पुलाच्या आधी उतार थोडा जास्त ठेवला, म्हणजे पाणी खालच्या पातळीवर येतं आणि पूल तेवढा कमी उंच बांधावा लागतो. हे ऐकल्यावर मी बाबांना तिथेच बसवून कागदावर चित्र काढायला लावलं.

खालच्या दोन मजल्यांत दोन दगडांच्या मधे चुना नाही. काही दगड तर सहा टनांचे. आधी लाकडी कमान उभारायची, तिच्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणायचे आणि मधोमध शेवटचा दगड बसवायचा. मग लाकूड काढून घेतलं तरी दगड एकमेकांना दाबून धरतात. वर चढवायला यारी होती, आणि ती फिरवायला मोठ्या चाकाच्या आत माणसं चालायची. भिंतीतून अजून दगड बाहेर आलेले दिसतात, त्यांवर परांची टेकवायचे. काही दगडांवर 'पुढची डावी बाजू, दुसरा' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं कोरली आहेत. कुठला दगड कुठे बसवायचा, त्याची खूण. मी एका दगडाच्या खाचेत बोट घालून बघितलं. छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात रे.

वरच्या पाटातून चालताही येतं, गाईडबरोबर. माझ्या डोक्याच्या वर थोडंच मोकळं. आतल्या भिंतीला क्षाराचा जाड, खडबडीत थर. तुमच्या बोअरच्या पाण्याने बंबाला पुटं चढतात ना, तसाच, पण काही ठिकाणी हातभर जाड! शेकडो वर्षं पाणी वाहत राहिलं आणि पाट आतून अरुंद होत गेला. साफ करायला कुणी राहिलं नाही, तेव्हा हळूहळू पाणीच बंद झालं. याचं मला फार वाईट वाटलं. एवढं बांधायचं आणि मग साफसफाईला माणूस नाही.

पूल मात्र उभा आहे. 2002 साली इथे मोठा पूर आला, नदी कमानींतून घुसली, तरी तो हलला नाही.

आणि गंमत म्हणजे पाण्याचा शेवटचा मुक्काम आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. दगडात कोरलेला गोल हौद, त्याच्या भिंतीला 10 भोकं. त्यांतून शिशाच्या नळ्यांनी शहरभर पाणी वाटलं जायचं. शाळेतून येताना मी तिथे रोज थांबतो.

रोमन लोक पातळी बघायला सहा मीटर लांबीचा लाकडी बाक वापरायचे, वर पन्हळ कोरलेली, तिच्यात पाणी भरायचं. आपण दिवाळीत गवंड्यांची ती पारदर्शक नळी घेऊ आणि विहिरीपासून खालच्या वाफ्यापर्यंतचा उतार मोजू. त्याआधी आबांना नुसत्या नजरेने अंदाज सांगायला लाव आणि तो आकडा लिहून ठेव. मी आल्याशिवाय मोजायचं नाही, कबूल?

आबांना आणि काकूंना नमस्कार. छोटीसाठी नदीतला एक गुळगुळीत खडा आणतोय.

तुझाच,
समीर