होळीच्या आत रेकॉर्डी खाली उतरवा

पुणे,
महाशिवरात्र

ती. सौ. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला घेतलं की आई गॅस बंद करायला धावते आणि बाबा "ठेव आता, बिल वाढतं" म्हणतात (वाढत नाही, हे किती वेळा सांगायचं!), म्हणून पत्र लिहितेय. आधी कामाचं. रंगकामाच्या वेळी रेकॉर्डींची खोकी माळ्यावर टाकलीत, ती होळीच्या आत खाली आणा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी येणारच आहे, पण तोवर थांबू नका. आखाजीपर्यंत भुसावळ तापून लाल होतं आणि वर नुसता पत्रा. एलपी म्हणजे शेवटी प्लास्टिकच, त्या उकाड्यात मऊ पडते आणि थप्पीच्या वजनाखाली वाकते. एकदा कड वाकली की पिन वरखाली होते आणि भीमसेनांचा लागलेला षड्जही डगमगतो. मधल्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. तिरक्या टेकवायच्या नाहीत. आणि बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. ओमला हाक मारा.

ओमवरून आठवलं. तो सगळ्या रेकॉर्डी सॅनिटायझरने पुसायला निघालाय, असं वहिनी सांगत होती. त्याला आवरा. आजोबांच्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या आहेत, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश कसं बनवतो ते बाबा, तुम्हीच मला अंगणात दाखवलं होतं. त्या रेकॉर्डी ओमच्या नव्या प्लेअरवरही लावू देऊ नका. त्यांच्या रेघा रुंद असतात, त्यांना वेगळी पिन लागते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकली तरी पुरे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या त्या रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. आजोबा म्हणायचे, बालगंधर्व रंगात यायला लागले की पुन्हा चावी द्यायला उठावं लागतं.

आता मुद्द्याचं. जळगावचे कोणी गृहस्थ सगळ्या रेकॉर्डी एकगठ्ठा घ्यायला तयार आहेत आणि बाबा, तुम्ही "आता कोण ऐकतंय" म्हणून जवळजवळ होकार दिलात, हे मला दादाकडून कळलं. त्यांनी काय भाव सांगितला ते मी विचारत नाही. पण आपल्या घरात सगळेच म्हणतात ना, 'बाबांच्या रेकॉर्डी', तिथे माझी हरकत आहे.

खरेदी तुमची, कबूल. रेल्वेचा पास निघाला की मुंबई, मुंबईला गेलात की काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस (२०१६ ला तेही बंद झालं), आणि रात्रीच्या पंजाब मेलने परत येताना एलपी मांडीवर उभी धरून बसायचं, कारण बर्थखाली कोणाची ट्रंक येईल याचा भरवसा नाही. प्रत्येक कव्हरच्या मागे तुमच्या अक्षरात तारीख आणि दुकान. पण बाबा, तुम्ही मालगाडीचे गार्ड. रात्रभर लाइनवर, मग इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, आणि घरी आलात की झोप. तुम्ही घरात असलात की आम्हाला चमचा खाली पाडायची चोरी, तिथे रेकॉर्ड कसली लागते! गाणं लागायचं ते तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर, आणि लावायची आई.

पुरावा आहे. भीमसेनांच्या 'अभंगवाणी'च्या आतलं कागदी पाकीट काढून बघा. त्यावर पेन्सिलीने आईने दुधाचा हिशेब मांडलाय: तारखा, समोर 'एक', 'दीड', मध्येच 'खाडा'. गवळी सकाळी यायचा तेव्हा हाताशी तोच कागद असायचा, कारण तेव्हा तीच रेकॉर्ड चालू असायची. तुमच्या तारखेवरून रेकॉर्ड कधी आली ते कळतं, तिच्या हिशेबावरून ती कधी वाजली ते. पाकिटावर दोन महिने सलग आहेत. शेवटी गवळ्याचे उरलेले पैसेही लिहिलेत, ते दिले का गं?

शिवाय तिचा कान. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "शेवटचा अभंग जरा दमल्यासारखा वाटतो, नाही?" आम्ही हसायचो. त्याचं कारण मला अलीकडे कळलं. तबकडी फिरते त्याच वेगाने, पण पिन आत सरकते तशी रेघेची फेरी लहान होत जाते, म्हणजे तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबावा लागतो आणि तो किंचित खरखरतो. बाजूच्या शेवटच्या गाण्याचं हे दुखणं आईने तव्यासमोर बसून ओळखलं होतं.

'मानिनी'ची रेकॉर्ड तर नावानिशी तिची. पाहुणे आले की चहाआधी तीच लागायची आणि मग भाषण: बहिणाबाई असोद्याच्या, आमच्या गावची माहेरवाशीण, १९५१ ला गेल्या, गाणी पुस्तकात आली ती १९५२ ला, आणि १९६१ ला बघा, थेट सिनेमात! पाहुणे घरचेच असले तरी सुटका नसे. गाणाऱ्या बाईंना पसंतीची पावती मिळायची, पण अट घालून: "छानच म्हटलंय, पण जात्यावर इतकं सरळ नसतं." आणि मग स्वतः म्हणून दाखवायची, आपल्या बोलीत, खुंटा धरल्यासारखा हात फिरवत. मला आजही तिचंच म्हणणं पटतं. तो हात फिरला की ओळीला मध्येच एक हिसका बसतो, तो वाद्यमेळात सापडत नाही.

शोलेची संवादांची एलपी मात्र दोघांचीही नाही, ती काकांची. गणपतीत मंडळाच्या कर्ण्यावर दहाही दिवस गब्बर ओरडत होता आणि नाइट करून आलेले बाबा उशी डोक्यावर दाबून पडले होते. ती एलपी गेली तरी कोणी रडणार नाही. 'जैत रे जैत' बाबांची, यात वाद नाही. त्याचे गीतकार महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे, म्हणजे आपले शेजारीच, म्हणून तुम्ही ती घेतलीत आणि सुटीच्या दिवशी स्वतः लावलीत. तेवढी एक ऐकताना तुम्हाला मी जागं पाहिलंय.

राहिलं गीतरामायण. ५६ गाण्यांचा तो अख्खा संच रामनवमीला ओट्यावर लागायचा, गल्ली जमायची आणि बाजू पालटायचं काम माझं. मग एक रेकॉर्ड शेजारच्यांनी "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेली. कोणी ते आपल्याला ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. नेमकी सोनेरी हरणाची. तेव्हापासून आपल्या घरच्या रामायणात सीता हट्टच धरत नाही, रावणही येत नाही, तरी राम तिला शोधत रानात फिरतो. समोर बसलेली एक म्हातारी दरवर्षी विचारायची, "अगं, हरण झालं का?" आणि आई गंभीर चेहऱ्याने सांगायची, "झालं, तुमचा डोळा लागला होता."

तर बाबा, रेकॉर्डी विकायच्या असतील तर खुशाल विका, पण त्याआधी आईला विचारा. माझ्यासाठी ठेवा असं मी म्हणत नाही, माझ्या घरात चपला ठेवायलाही जागा नाही. आणि आई, "त्यांचं ते बघतील" असलं उत्तर चालणार नाही. त्यातल्या कोणत्या तुझ्या, ते तू सांगायचंस, आणि मला थेट सांगायचंस, बाबांकरवी निरोप नको. मला माहीत आहे, तो निरोप वाटेतच बदलतो.

ओमला आशीर्वाद आणि वहिनीला नमस्कार. आईने ज्वारीचे पापड, बिबडे केलेच तर माझ्यासाठी काढून ठेवावेत.

तुमची,
मनू

ता. क. हरणाची रेकॉर्ड परत मागायचा तुम्हाला संकोच वाटत असेल तर आखाजीला मी जाऊन मागते. ते लोक अजून तिथेच राहतात ना?