जॉन्सन यांना कुणी वाली नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकी अध्यक्षांवरचा लेख वाचला. रुझवेल्ट, केनेडी आणि ओबामा यांची छायाचित्रं ओळीने छापली होती आणि एकाने दुसऱ्याच्या हाती मशाल द्यावी तसा अमेरिकी उदारमतवाद पुढे सरकत आला, असा एकूण सूर होता. केनेडींनंतर अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांच्या वाट्याला जेमतेम दीड वाक्य आलं, तेही व्हिएतनामचं. मी सत्तरच्या दशकात न्यू जर्सीत आलेला, आता निवृत्त झालेला अभियंता आहे. हे दीड वाक्य मला खटकलं. अर्थात एकट्या लेखकाला बोल लावण्यात अर्थ नाही. खुद्द अमेरिकेतल्या पुरोगाम्यांनीच जॉन्सनना कधीचं अडगळीत टाकलंय.

इथल्या आमच्या पिढीच्या मराठी मंडळींचंच बघा. केनेडींचं नाव निघालं की आवाज मऊ होतो. पण अमेरिकेत स्थायिक व्हायला १९४६ पासून भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. अख्ख्या देशाला शंभर! हे कोटे मोडीत काढा, असा प्रस्ताव केनेडींनी १९६३ मध्ये काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे पाठवला होता, हे मान्य. तो मंजूर करून घेतला मात्र जॉन्सननी, आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. गंमत म्हणजे, हा काही क्रांतिकारक कायदा नाही, असं त्यांनी त्याच भाषणात सांगून टाकलं. आमच्यासारखे लाखो लोक त्या कायद्याने इथे आले आणि देशाचा चेहरामोहराच बदलला. आपण मागे काय ठेवून चाललोय, हे सही करणाऱ्यालाही कळतंच असं नाही.

मेडिकेअरची गोष्ट तर याहून मोठी आहे. वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या या कायद्यावर जॉन्सननी ३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी, वयोवृद्ध माजी अध्यक्ष ट्रुमन यांना शेजारी बसवून सही केली. ट्रुमनना जे साधलं नव्हतं त्याचं श्रेय त्यांच्या पदरात घालण्याचा मोठेपणा या रांगड्या टेक्सनकडे होता. (एरवी हा माणूस श्रेयाच्या बाबतीत उदार होता, असं कुणी म्हणणार नाही.) पण खरी हालचाल पुढच्या वर्षी झाली. दक्षिणेतल्या कितीतरी रुग्णालयांत कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे असायचे, काही ठिकाणी चक्क तळघरात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन सरकारने बजावलं की, मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर हा भेदभाव बंद करा. तपासनीस रुग्णालयांत जाऊन कोणत्या खोलीत कोण झोपलंय ते पाहू लागले. ज्या भिंती भाषणांनी हलल्या नव्हत्या त्या १ जुलै १९६६ ला योजना सुरू होईपर्यंत बहुतेक ठिकाणी पडल्या. तिजोरीच्या किल्ल्या हाती ठेवून माणुसकी शिकवता येते, हे जॉन्सनना बरोबर ठाऊक होतं.

रुझवेल्ट यांचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण १९३५ च्या त्यांच्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार नेमकी हीच कामं करत. लिंचिंगविरोधी, म्हणजे जमावाने माणसं ठार मारण्याविरुद्धच्या विधेयकाच्या मागेही ते जोर लावून उभे राहिले नाहीत, कारण दक्षिणेतल्या सिनेटरांना दुखवायचं नव्हतं. १९४२ च्या त्यांच्या आदेशाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत धाडण्यात आलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. एवढं सगळं असूनही पुरोगाम्यांच्या देव्हाऱ्यात मधली जागा त्यांचीच. बायडेन यांनी २०२१ मध्ये ओव्हल ऑफिसात शेकोटीच्या वर लावली तीही रुझवेल्टचीच तसबीर.

डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचं तर मला नवल वाटतं. २०१९ मध्ये आपला लोकशाही समाजवाद समजावून सांगताना त्यांनी आधार घेतला तो रुझवेल्टच्या १९४४ च्या आर्थिक हक्कांच्या सनदेचा. ती सनद भाषणातच राहिली, तिचा कायदा कधी झाला नाही. आणि सँडर्स यांच्या सगळ्यात गाजलेल्या मागणीचं नाव काय, तर ‘मेडिकेअर फॉर ऑल’! म्हणजे योजना जॉन्सनची आणि जयजयकार रुझवेल्टचा.

याचं कारण व्हिएतनाम, हे उघड आहे. १९६८ पर्यंत तिथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते आणि त्याच वर्षी ३१ मार्चला जॉन्सननी पुन्हा उभं न राहण्याची घोषणा केली. ते पाप त्यांचंच आहे, मला ते धुवायचं नाही. पण रुझवेल्टच्या छावण्या तळटीपेत जातात आणि जॉन्सनचं युद्ध मथळ्यात येतं, हा न्याय कुठला? मला वाटतं, रुझवेल्ट जिंकत आलेल्या युद्धात गेले, केनेडी तर ऐन उमेदीत मारले गेले. जॉन्सन मात्र हरलेले, चिडलेले असे टेक्सासच्या शेतावर परतले. त्यांची तसबीर कोण लावणार?

वारशाची ही वाटणी किती फसवी असते, ते मला औषधांच्या दुकानात दिसतं. मी इन्सुलिन घेतो. २०२३ पासून मेडिकेअरवाल्यांना त्यासाठी महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत, ही बायडेन यांच्या २०२२ च्या कायद्याची कृपा. पण मेडिकेअरमध्ये घरी घेण्याच्या औषधांचा विमा आणला धाकट्या बुश यांनी, २००३ मध्ये. त्याच कायद्यात त्यांनी कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायला सरकारला मनाई करून ठेवली. म्हणजे माझ्या इन्सुलिनवर एका रिपब्लिकन अध्यक्षाचेही उपकार आहेत आणि त्याच अध्यक्षाने दिलेला तापही आहे.

लेखाखाली ‘क्रमशः’ होतं, म्हणून एक सुचवतो. पुढच्या भागात निक्सन येणार असतील तर गाडी थेट त्यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेटच्या भानगडीवर नेऊ नये. पर्यावरण संरक्षण संस्था, हवेच्या शुद्धतेचा कायदा आणि कामगारांच्या सुरक्षेचा कायदा हे तिन्ही त्यांच्या कारकिर्दीतले, एकट्या १९७० सालातले आहेत. तेव्हाच्या काँग्रेसमध्ये डेमोक्रॅट बहुमतात होते, तेही त्याच परिच्छेदात यावं.

– एक निवृत्त अभियंता, न्यू जर्सी